गावात घर घेताना : पांढरी, काळी आणि कागद

(श्रीरामपूर परिसरातील शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो. गाय घेताना तिचे दात पाहतो, दोन वेळचे दूध समोर काढून घेतो. विहिरीची जागा ठरवण्यापूर्वी चार जाणत्यांना शिवारात फिरवून आणतो. घर घेण्याची वेळ आली की मात्र आपलाच हा चोखंदळपणा कुठे जातो कोण जाणे. "माणूस ओळखीचा आहे, ग्रामपंचायतीचा उतारा त्याच्या नावावर आहे, पट्टी भरलेली आहे," एवढ्या भरवशावर उसाच्या चार-पाच हंगामांची शिल्लक आपण मोजून देतो. पुढे कधी कर्जासाठी, वाटणीसाठी किंवा विक्रीसाठी कागद काढायची वेळ आली की कळते, भिंती आपल्या आहेत, पण त्यांच्याखालची जागा आपली नाही.

म्हणून आज खते-औषधांचा विषय बाजूला ठेवून घराविषयी बोलू. आपल्या श्रीरामपूर तालुक्यात पुष्कळ कुटुंबे वस्तीवर राहतात. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे आजारपण, उसाच्या फडातून फिरणारा बिबट्या अशा अनेक कारणांनी गावात एखादे घर असावे असे त्यांना वाटते. पुण्या-मुंबईला नोकरी केलेली आपलीच मंडळीही निवृत्तीनंतर गावाकडे घर शोधतात. इच्छा रास्त आहे. फक्त त्या घराची पारख कशी करावी, हे समजून घेतले पाहिजे.

पांढरी आणि काळी

आपल्या वाडवडिलांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग केले. राहण्याची ती पांढरी आणि पिकवण्याची ती काळी. मातीच्या भिंती पडायच्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहायच्या. चुलीची राख, शेणमाती, जुन्या धाब्यांची माती तिथेच जिरायची. अशा रीतीने पिढ्यानपिढ्या घरावर घर होत गावाची जागा उंच आणि पांढुरकी होत गेली. प्रवरेच्या काठचे दायमाबाद आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन झाले तेव्हा एकाखाली एक अशा पाच वसाहतींचे थर सापडले. सर्वांत जुना थर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे प्रवराकाठी घरे बांधण्याचा आपला अनुभव थोडाथोडका नाही.

पांढरी आणि काळी हा भेद केवळ मातीचा नाही. सरकारी दप्तरातही तो तसाच चालत आला. काळीचा कागद म्हणजे सात-बारा. पांढरीला, म्हणजे गावठाणाला, सात-बारा नसतो. तिथला कागद म्हणजे मिळकत पत्रिका, जिला आपण मालमत्ता पत्रक किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. कोणतेही घर पाहायला गेलात की पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "हे घर पांढरीत आहे की काळीत?" हा प्रश्न आधी विचारा. पुढची सगळी तपासणी त्या उत्तरावर अवलंबून आहे.

नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे

सर्वांत जास्त फसगत होते ती ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावरून. ग्रामपंचायतीत घरांची कर आकारणी नोंदवही असते, तिला नमुना ८ म्हणतात. मागणीची नोंद नमुना ९ मध्ये होते आणि पट्टी भरल्यावर नमुना १० ची पावती मिळते. हे तिन्ही कागद कराचे आहेत. जागेवर घर उभे आहे आणि त्याची पट्टी अमुक व्यक्तीने भरायची आहे, एवढेच त्यांवरून समजते. जागा कोणाची, हे ठरवण्याचे काम कर आकारणीचे नाही. गायरानात बांधलेल्या घरालाही पट्टी लागू शकते. तेवढ्याने गायरान त्याच्या मालकीचे होत नाही.

नावाच्या सारखेपणामुळे आणखी एक घोटाळा होतो. तलाठ्याकडे मिळणारा ८-अ वेगळा. त्यात खातेदाराच्या नावावरील एकूण शेतजमीन आणि तिचा आकार असतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा. समोरचा "आठचा उतारा आहे" असे म्हणाला तर कोणत्या कार्यालयाचा, हे स्पष्ट विचारून घ्यावे. आता तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी असे नाव झाले आहे. नावे बदलली तरी दोघांची दप्तरे वेगवेगळीच आहेत, हे ध्यानात ठेवावे.

मग पांढरीतल्या घराची मालकी पाहायची कशी? पूर्वी साधारणपणे दोन हजारांपेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या गावांच्याच गावठाणाचे भूमापन होत असे. लहान गावांत मिळकत पत्रिकाच नव्हती. त्यामुळे जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे आणि कराच्या पावत्या यांवरच भागवावे लागे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. त्याआधीच आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला होता. या योजनेत ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घेतात, प्रत्येक घराची हद्द जागेवर पाहून चौकशी करतात आणि नंतर सनद व मिळकत पत्रिका देतात.

घर गावठाणात असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन त्याची मिळकत पत्रिका मागावी. तिच्यावरील धारकाचे नाव, क्षेत्र, सत्ता प्रकार आणि बोजा हे चार रकाने बारकाईने वाचावेत. सत्ता प्रकाराचे अक्षर समजले नाही तर तिथेच अर्थ विचारून घ्यावा, कारण काही जागा अटींवर दिलेल्या असतात आणि त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. पत्रिका अद्याप तयार नसेल तर विकणाऱ्याकडे जागा कशी आली, हे नोंदणीकृत कागदांच्या साखळीने सिद्ध झाले पाहिजे. ती साखळी तुटत असेल तर थोडे थांबावे. आधी चौकशी होऊन पत्रिका त्याच्या नावावर निघू द्यावी, मग व्यवहार करावा.

काळीतले घर आणि तुकडा

आता दुसरा प्रकार पाहू. गाव वाढते तशी गावालगतच्या गटांमध्ये घरे होतात. कोणी गटाच्या बांधाला दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांत ऐसपैस घर होते, दारात गोठाही बसतो. किंमतही शहरापेक्षा कमी. म्हणून अशा जागांना गिऱ्हाईक लगेच मिळते.

परंतु शेतजमिनीचे मनाला येतील तसे तुकडे पाडता येत नाहीत. त्यासाठी १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ मधील अधिसूचनेनुसार आपल्या जिल्ह्यात प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. त्यापेक्षा लहान तुकड्याचा व्यवहार अडचणीत येतो. मग पळवाट म्हणून शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरी करतात आणि ताबा देतात. किंवा एकाच गटात दहा-बारा जणांची नावे सामाईकात लावतात. नाव लागले तरी आपला तुकडा नेमका कोणता, हे सात-बारावर कुठेच नसते. मूळ मालकाची मुले पुढे वाटणीला उभी राहिली की ज्याचे घर रस्त्याच्या बाजूला, त्याच्यावर पहिली कुऱ्हाड येते.

२०२५ मध्ये शासनाने तुकडेबंदीच्या कायद्यात सुधारणा करून निवासी वापरातील जुन्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली. ही सवलत शिवारातल्या प्रत्येक शेताला सरसकट लागू नाही. आपला गट त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. "आता कायदा उठला" असे कोणी पारावर सांगितले म्हणून पैसे देऊ नयेत.

गावठाणालगतच्या जागेबाबत दुसरी एक तरतूद उपयोगी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन निवासी बिनशेती वापरासाठी रूपांतरित मानण्याची सोय आहे. त्यासाठी तहसीलदारांकडून ठरणारा रूपांतरण कर, आकारणी आणि लागू असल्यास नजराणा भरून सनद घ्यावी लागते. विकणारा म्हणाला की "आपली जागा दोनशे मीटरच्या आत आहे," तर त्याला म्हणावे, "मग सनद दाखवा." सनद, मंजूर रेखांकन आणि बांधकामाची परवानगी असे तिन्ही कागद असतील तर बिनशेती प्लॉटवरचे घर हा स्वच्छ व्यवहार आहे.

स्वतःच्या शेतात शेतीच्या कामासाठी घर बांधण्याची मुभा कायद्यात आहे. आपल्या बहुतेक वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. मात्र शेतातले ते घर भोवतालच्या दोन गुंठ्यांसह वेगळे काढून विकायचे म्हटले की पुन्हा तुकड्याचा प्रश्न येतो. शिवाय घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी आहेच. शहरातून परत येणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगावे.

महामंडळ, गायरान आणि वर्ग २

आपल्या भागाला एक वेगळा इतिहास आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. हरेगावची बेलापूर कंपनी आणि टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मोठे मळे उभे केले. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि कारखान्यांच्या ताब्यातील या जमिनी शासनाकडे गेल्या. त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. खंडकरी शेतकऱ्यांनी जमीन परत मिळवण्यासाठी दीर्घ लढा दिला आणि २०१२ पासून त्यांना जमिनींचे वाटप सुरू झाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण घराशीच निगडित आहे. या पट्ट्यात दोन गोष्टी विशेष जपून पाहाव्या लागतात. एक म्हणजे मळ्यांवरच्या जुन्या चाळी आणि वसाहती. तिथे कामगारांच्या दोन-तीन पिढ्या राहिल्या, स्वतःच्या खर्चाने पत्रे बदलले, ओटे बांधले, अंगणात कडुनिंब वाढवला. त्यांचा जिव्हाळा खरा आहे. त्यांना हक्काची जागा मिळावी ही मागणीही जुनी आहे. तरीपण जोपर्यंत जागा रीतसर राहणाऱ्याच्या नावावर होत नाही, तोपर्यंत विकायला त्याच्याकडे मालकी नसते. अशी खोली "विकत घेणे" म्हणजे केवळ राहण्याची जागा रिकामी करून घेण्यासाठी पैसे मोजणे. त्यात घेणाऱ्याचे पैसे धोक्यात येतातच, आणि विकणाऱ्या कामगाराचाही पुढे मिळू शकणारा हक्क जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भोगवटादार वर्ग २ च्या जमिनी. खंडकऱ्यांना परत मिळालेल्या जमिनी, वतनाच्या जमिनी, भूमिहीनांना किंवा प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या जमिनी यांवर निरनिराळ्या काळी निरनिराळ्या शर्ती होत्या. काही जमिनी पुढे वर्ग १ मध्ये आल्या, काही अजून यायच्या आहेत. सात-बाराच्या डोक्यावर भोगवटादाराचा वर्ग लिहिलेला असतो. तिथे वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.

गायरानाबद्दल तर बोलायलाच नको. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याबाबत सर्व राज्यांना निर्देश दिले. अशा जागेवरचे घर कितीही पक्के असले, आत फरशी आणि वर स्लॅब असला, तरी ते खरेदी करण्यासारखे नाही. कालव्याच्या भरावालगतची जागा, रस्त्याची हद्द आणि ओढ्याचे पात्र यांनाही हेच लागू आहे.

मालक एक की अनेक?

कागदावरची जागा स्वच्छ निघाली, आता माणसांकडे वळू. गावातले घर क्वचितच एका माणसाचे असते. आजोबांनी बांधलेले, चुलत्यांचा एक खण, बहिणीचे नाव लावायचे राहून गेलेले, असा प्रकार घरोघरी आहे. विकणारा मोठा भाऊ म्हणतो, "बाकीचे माझ्या शब्दाबाहेर नाहीत." ते खरेही असेल. परंतु पैसे वाटून घेताना शब्द फिरायला वेळ लागत नाही.

हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्या घेतल्याशिवाय घर घेऊ नये. त्यांनी हक्क सोडला असे सांगितले तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. भाऊबीजेला साडी दिली म्हणजे हक्क सुटला असे होत नाही. वारसांत कोणी अज्ञान असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येऊ शकतो. तिथे वकिलांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

यासाठी एक साधी रीत आहे. विकणाऱ्याच्या आजोबांपासून वंशावळ एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक नावापुढे सही, हक्कसोडपत्र किंवा मृत्यूचा दाखला अशी खूण करा. ज्या नावापुढची जागा रिकामी राहील, तिथूनच उद्याचा दावा येईल असे समजावे.

जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, हेही पाहावे. सात-बाराच्या इतर हक्कांत सेवा सोसायटीची किंवा बँकेची नोंद असते. सोसायटीच्या सचिवांकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल यांच्या अखेरच्या पावत्या मागून घ्याव्यात.

माती, पाणी आणि भिंत

कागद झाले, आता जागा पाहू. आपली काळी कसदार आहे, म्हणूनच ती पिकाला चांगली आणि पायाला वाईट. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. वरवरच्या पायावर बांधलेल्या घराला म्हणूनच दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जातात. घर पाहायचे तर एप्रिल-मे महिन्यात पाहावे. त्या वेळी नवा रंग दिलेला असेल तर रंगाचे कौतुक करण्याआधी भिंतीवर हात फिरवावा. चिरा भरल्याच्या रेषा बोटांना लागतात.

पाया किती खोल गेला आणि मुरूम लागला का, हे ज्या गवंड्याने काम केले त्यालाच विचारावे. नवे बांधायचे असेल आणि काळी माती खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया अभियंत्याच्या सल्ल्याने घ्यावा. त्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. खोल काळ्या मातीत हे खांब किमान साडेतीन मीटर खोल घेतात.

दुसरी अडचण पाण्याची. कालव्याखालच्या भागात वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिल्याने आणि निचरा नसल्याने काही जमिनी चिबड, खारवट आणि चोपण झाल्या, हे आपण शेतात अनुभवले आहे. तेच खारे पाणी भिंतीतही चढते. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत गिलावा फुगलेला, पांढरी पूड धरलेली दिसली तर भिंतीला लोणा लागला असे समजावे. अशा भिंतीला कितीही वेळा गिलावा केला तरी पावसाळ्यानंतर तो सुटतो. जोत्यावर ओल अडवणारा थर दिला आहे का आणि भोवती निचऱ्याची चारी काढता येईल का, हे पाहूनच किंमत ठरवावी. आजूबाजूला ज्या शेतात काहीच उगवत नाही आणि पांढरे थर दिसतात, तिथे घराची जागा घेण्यात हशील नाही.

आपल्या तालुक्याला दक्षिणेला प्रवरा आणि उत्तरेला गोदावरी आहे. नदीकाठच्या गावांत जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा विचारावी. निळ्या रेषेच्या आत बांधकाम धोक्याचे आणि नियमाविरुद्धही. तसेच गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे, "बाबा, पाणी कुठवर आलं होतं?" त्यांनी दाखवलेली पायरी नकाशाइतकीच विश्वासू असते.

जुने धाब्याचे घर असेल तर सागाची तुळई आणि वासे टोकून पाहावेत. जिथे वासा भिंतीत शिरतो तिथे वाळवी आधी लागते. धाब्यावर मातीचे थर किती चढवले आहेत, हे पाहावे. दरवर्षी नवी माती टाकत गेल्याने छताचे ओझे वाढत जाते आणि एखाद्या पावसात ते खाली येते. लाकूड आणि चिरे चांगले असतील तर त्यांची किंमत वेगळी धरावी.

शेजार, वाट आणि पागोळी

गावातले घर सुटे नसते, ते शेजाऱ्यांच्या घरांना टेकलेले असते. मधली भिंत सामाईक आहे का? आपल्या पागोळीचे पाणी कोणाच्या दारात पडते आणि कोणाचे आपल्या दारात? सांडपाणी कुठून जाते? शेजाऱ्याची खिडकी आपल्या बोळात उघडते का? ट्रॅक्टर-ट्रॉली दारापर्यंत येते का, आणि ती येते ती वाट सार्वजनिक आहे की कोणाच्या मर्जीची? वीस वर्षे उघडपणे आणि अखंड चालत आलेली वहिवाट १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे हक्क बनू शकते. म्हणजे असा हक्क जसा आपल्या बाजूने असतो तसा आपल्या विरुद्धही असू शकतो.

म्हणून खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना "पूर्वेस अमुक यांचे घर" एवढ्यावर थांबू नये. बोळ किती फुटांचा, वाट कोणाची, भिंत सामाईक की स्वतंत्र, पाण्याचा निकाल कुठून, हे सर्व शब्दांत लिहावे. जुन्या कागदांत "पाच खणांचे घर" असे माप असते. खण सगळीकडे सारखा नसतो, म्हणून फूट किंवा मीटरमध्ये माप लिहावे आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवावे. त्यांच्यासमोर खुणा रोवल्या की पुढचे पुष्कळसे तंटे तिथेच मिटतात.

व्यवहाराचा क्रम

आता हे सर्व कोणत्या क्रमाने करावे ते थोडक्यात सांगतो.

१) मिळकत पत्रिका किंवा सात-बारा, फेरफार आणि ८-अ स्वतः काढावेत. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा संगणकावरून काढता येतो.

२) दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा किमान तीस वर्षांचा शोध वकिलांमार्फत घ्यावा. हीच मिळकत आधी दुसऱ्या कोणाला लिहून दिली आहे का, हे त्यातून कळते.

३) स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. गावातही बोलून दाखवावे. ज्याचा हक्क असेल तो पुढे येतो, आणि तो खरेदीनंतर येण्यापेक्षा आधी आलेला बरा.

४) मोजणी करून घ्यावी आणि घराची पाहणी एखाद्या जाणत्या गवंड्याकडून किंवा अभियंत्याकडून करावी.

५) पैसे हाताशी असले तरी बँकेत गृहकर्जाची चौकशी करावी. बँकेचे वकील कागद पारखतात. जे घर बँक तारण घ्यायला तयार नाही, ते आपण का घ्यावे याचा विचार करावा.

६) इसार देताना लेखी करार करावा आणि कागद अपुरे निघाल्यास इसार परत मिळेल अशी अट घालावी. रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

७) खरेदीखत नोंदणीकृतच करावे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावर मिळकतीच्या खरेदीखताची नोंदणी सक्तीची आहे. साठेखत, मुखत्यारपत्र किंवा नोटरी केलेला कागद यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात निःसंदिग्ध सांगितले आहे.

८) खरेदीनंतर मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बारावर नोंद करून घ्यावी. सात-बाराच्या बाबतीत फेरफार नोंदल्यावर संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तोपर्यंत पाठपुरावा सोडू नये. शेवटी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला आणि वीजमीटरला नाव लावावे.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ जण नोंदणी टाळतात. समजा, घराची किंमत आठ लाख रुपये आहे. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, म्हणजे आठ हजार रुपये होते, आणि या फीची कमाल मर्यादा तीस हजार आहे. मुद्रांक शुल्क वेगळे. घर महिलेच्या नावावर घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तिचे नियम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावेत. आठ लाखांचे घर पक्के करण्यासाठी हा खर्च जड वाटत असेल, तर ते घर आपल्या ऐपतीबाहेरचे आहे असे समजावे. एकदा दिवाणी दावा उभा राहिला की तारखांना किती वर्षे जातील याचा हिशेब कोणालाच करता येत नाही.

घरधनिणीचे नाव

जाता जाता भगिनींसाठी एक गोष्ट सांगतो. घरात सर्वाधिक वेळ राबते ती बाई, आणि कागदावर बहुधा नसते तीही बाईच. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर घेता येते, ग्रामपंचायतीच्या नोंदीतही दोघांची नावे लावता येतात. धन्याच्या पश्चात वारसाच्या नोंदीसाठी हेलपाटे घालणारी आणि दिरांच्या मेहरबानीवर राहणारी किती तरी माउली आपण पाहतो. खरेदीच्या दिवशी एक नाव जास्त लिहायला काहीही जास्त लागत नाही. भगिनींनी हे आग्रहाने मागावे आणि बांधवांनी मागण्याआधी करावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पीक एका हंगामात बुडाले तर पुढच्या हंगामात हात देते. घराचा व्यवहार बुडाला तर पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. म्हणून घाई करू नका. विकणारा म्हणाला, "उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे," तर येऊ द्या. कागद पूर्ण झाले नाहीत तर तेही गिऱ्हाईक आपल्याच वाटेने परत जाईल, आणि नाही गेले तर आपण वाचलो. आधी पांढरी की काळी हे पाहा, मग कागद, मग माणसे, मग माती आणि शेवटी किंमत. या क्रमाने गेलात तर घरभरणीच्या दिवशी दाराला बांधलेले तोरण निश्चिंत मनाने पाहता येईल.